सामाईक वेबसाइट

आमच्या घरात फायली हरवत नाहीत, सामाईक होतात. सातबारे, फेरफार, गणपतीचे फोटो, आंब्याच्या पेट्यांच्या पावत्या, सगळं एकाच फोल्डरात. नावं म्हणाल तर 'स्कॅन १', 'स्कॅन १ नवीन' आणि 'स्कॅन १ नवीन खरा'.

म्हणून घरगुती वेबसाइट करायला घेतली. जगाला दाखवायला नव्हे, लॅपटॉपवरच ठेवायला. वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनी १९९१ साली जगापुढे ठेवलेलं एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, अजूनही साध्या नोटपॅडात लिहिता येतं आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतं. वेंगुर्ल्याकडे हे फार मोलाचं. जून लागला की आमची रेंज जी जाते ती चाकरमान्यांबरोबर चतुर्थीलाच येते.

नोटपॅडही तसं खवचटच. 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' म्हणून सेव्ह करा, ते कधी कधी मागे गुपचूप 'टीएक्सटी' ही साध्या मजकुराची शेपटी चिकटवतं आणि विंडोज ती लपवतं. पण नोटपॅडला निदान नातेवाईक नसतात.

माणसांचं पान अकारविल्हे लावलं. आपाकाका वर, बाबलकाका खाली.

"थोरलो मी मां रे? मगे माझा नाव खाली कित्याक?"

"काका, 'आ' आधी येतो, 'ब' नंतर."

"ता तुझ्या कंप्युटरात. ह्या घरात मी आधी इलंय."

जन्मसालाप्रमाणे लावलं. काकवा त्यांच्या नवऱ्यांच्या ओळीत बसवल्या, तर आत्या चष्मा पुसत पुढे. "२००५ च्या कायद्यान चेडवाक झिलाएवढोच हिस्सो आसा. मगे सुनो वर आणि मी तळाक?" आत्याला पासवर्ड आठवत नाही, कलमं पाठ आहेत. (आंब्याचीही.)

अशा साइटचा एक मोठा गुण म्हणजे दुवे फोल्डरातल्या फोल्डरात असले, की अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर टाकला तरी ती जशीच्या तशी चालते. तंटा नको म्हणून प्रत्येकाला एकेक प्रत दिली. दुसरा गुण असा, की नोटपॅड उघडता येणारा कुठलाही नातू ती बदलू शकतो. नातू प्रत्येक घरात आहे.

हल्ली बाबलकाकांच्या पेनड्राइव्हवर विहिरीच्या पानात आपाकाका नाहीत, आणि आपाकाकांच्या पेनड्राइव्हवर विहीर सामाईक नाही.