अश्वगंधा आणि ताण : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ताण सोसण्याची ताकद देणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वनस्पतींवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे असे, की आयुर्वेदाच्या अनुभवाला मी परकी फूटपट्टी लावली, अश्वगंधेने कॉर्टिसोल (ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक) अठ्ठावीस टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास मी दडवला, आणि अश्वगंधेचे मूळ नैसर्गिक असल्याने तिच्यापासून अपाय होऊच शकत नाही. आपल्या धाकट्या बहिणीविषयीही आपण विचारले आहे. तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

परकी फूटपट्टी मी लावलेली नाही. ती डबीवरच छापलेली आहे: ‘अ‍ॅडॅप्टोजेन’, म्हणजे ताण सोसण्याची ताकद देणारे द्रव्य. ही कल्पना 1947 च्या सुमारास सोव्हिएत संशोधक निकोलाय लाझारेव यांनी मांडली आणि 1969 मध्ये ब्रेखमन व दार्दिमोव यांनी तिच्या अटी लिहून काढल्या. असे द्रव्य निरुपद्रवी असावे, कोणत्याही प्रकारच्या आघाताविरुद्ध शरीराची सर्वसाधारण प्रतिकारक्षमता वाढवावी, आणि बिघाड कुठल्याही दिशेने झालेला असो, शरीराला समतोलाकडे न्यावे, अशा त्या अटी होत. त्यांतील तिसरी अट मला सर्वांत खटकते. वाढलेले उतरवणारे आणि उतरलेले वाढवणारे औषध निष्फळ ठरले, असे तपासणीच्या कोणत्या निकालावरून म्हणायचे? युरोपीय औषध संस्थेने 2008 मध्ये ही कल्पना पुरेशी स्पष्ट नसल्याचे सांगून औषधाच्या परवान्यात ती वापरणे योग्य ठरणार नाही, असे मत दिले, त्याचे मला आश्चर्य वाटत नाही.

चरकसंहितेत अश्वगंधा बल्य आणि बृंहणीय या गणांत येते, म्हणजे बळ देणाऱ्या व शरीर भरून काढणाऱ्या द्रव्यांत. वैद्य ती देताना समोरच्या माणसाचे वय, प्रकृती आणि अग्नी (पचनशक्ती) पाहतो, आणि चूर्ण बहुधा दुधातुपातून देतो. कचेरीत दिवसभर बसणाऱ्या, आधीच स्थूल असलेल्या आणि अपचनाने बेजार झालेल्या माणसाने जाहिरात पाहून रोज दोन कॅप्सूल गिळाव्यात, हे त्या परंपरेत कुठे बसते, हे आपणच सांगावे. माझी टीका त्या कॅप्सूलवर होती.

आता तो अभ्यास. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत 64 व्यक्ती होत्या. त्यांतील अर्ध्यांना मुळाच्या अर्काच्या 300 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून दोनदा, 60 दिवस देण्यात आल्या. त्यांचे कॉर्टिसोल सुमारे 28 टक्क्यांनी घटले, हे खरे आहे. मात्र ज्यांना औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ कॅप्सूल दिल्या होत्या त्यांचेही सुमारे 8 टक्क्यांनी घटले होते. फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही, आणि अश्वगंधेचा ताणावर काहीच परिणाम होत नाही असे मी म्हटलेलेही नाही. पण दोन महिन्यांच्या लहानशा चाचणीवरून वर्षानुवर्षे घेण्याचा सल्ला देता येत नाही, आणि घट्ट अर्कावरचा निष्कर्ष इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेल्या साध्या पुडीला जसाच्या तसा लावता येत नाही.

निरुपद्रवीपणाचे म्हणाल, तर आपण माळव्यातली माणसे. नीमच-मंदसौर पट्ट्यात असगंधाची, म्हणजे अश्वगंधेचीच, शेती आपल्या परिचयाची आहे. तिथल्या बाजारात जाड, आतून पांढऱ्या मुळ्यांना वेगळा भाव आणि बारीक तंतुमुळांना वेगळा. व्यापारी इतके पारखून घेत असताना गिऱ्हाईक मात्र डबीत नेमके काय आहे ते विचारत नाही. पाने मुळांपेक्षा स्वस्त पडतात, आणि उत्पादनांत त्यांचा वापर होऊ लागला म्हणूनच आयुष मंत्रालयाला 2021 मध्ये उत्पादकांना पाने वापरू नयेत असे सांगावे लागले. शिवाय 2020 मध्ये आइसलंड व अमेरिका येथील पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. अश्वगंधायुक्त उत्पादने घेतल्यावर त्यांना कावीळ झाली होती. कोणाचेही यकृत निकामी झाले नाही आणि असे प्रकार विरळच आहेत. तरीही ‘अपाय होऊच शकत नाही’ हे विधान त्यांच्यापुढे टिकत नाही. अफू ही सुद्धा याच पट्ट्यातली, आणि तितकीच नैसर्गिक.

आपली बहीण थायरॉईडची गोळी घेते आणि परीक्षेच्या ताणासाठी तिला आपण अश्वगंधा सुरू केली आहे, असे आपण लिहिता. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, थायरॉईडचे कार्य किंचित मंदावलेल्या 50 रुग्णांपैकी ज्यांना रोज 600 मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे दिला, त्यांची थायरॉईड संप्रेरके वाढली. ज्याची गोळी चालू नाही त्याला हे उपकारक वाटेल. पण गोळीची मात्रा ठरलेली असताना वरून ही वाढ झाली, तर छातीत धडधड, हातांना कंप, झोप न लागणे असा त्रास होऊ शकतो, आणि परीक्षेच्या दिवसांत तो ताणाचाच समजला जाईल. म्हणून तिने ती तूर्त थांबवावी, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये, आणि जे डॉक्टर गोळी देतात त्यांना डबी दाखवून टीएसएच (थायरॉईडचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा केव्हा तपासायचे ते विचारावे.

आपला,
ब्लॉगलेखक, इंदूर