‘ख्रिस्ती माणसाला उपास नाहीच’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

लेंट, म्हणजे पुनरुत्थान सणाच्या (ईस्टरच्या) आधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, जवळ आला की दरवर्षी तो मेसेज फिरतो, यंदा तर माझ्या आत्याच्या मुलानंच फॅमिली ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत चौघांनी ‘आमेन’ पण केलं. मेसेज लांबलचक आहे पण त्यात म्हणणं एवढंच की येशूने उपासाची आज्ञा कुठंच दिली नाही, त्याचे शिष्य उपास करत नव्हते, लेंट इसवी सन ६०० च्या सुमारास पोपने काढला त्यामुळं पोपला न मानणाऱ्या प्रोटेस्टंट माणसाचा त्याच्याशी काही संबंध नाही, इथले ख्रिस्ती लोक शेजाऱ्यांची एकादशी अन् रोजे बघून नक्कल करायलेत, आणि वधस्तंभावर सगळं पूर्ण झाल्यावर उपाशी राहून तारण कमवायला जाणं हा प्रभूचा अपमान आहे. आमच्या मंडळीतली (चर्चमधली) तीन-चार पोरं हे वाचून शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला यायची बंद झाली म्हणून मी हे लिहायला बसले, नाहीतर ग्रुपवर वाद घालायची मला हौस नाही.

पहिलं आज्ञेचं बघू. मत्तय ६ वा अध्याय उघडा. तिथं प्रभू तीन गोष्टी एकामागं एक सांगतो, तू दान करतोस तेव्हा, तुम्ही प्रार्थना करता तेव्हा, आणि सोळाव्या वचनात तुम्ही उपास करता तेव्हा. तिन्हीकडं ‘तेव्हा’च आहे, ‘केलाच तर’ असं कुठं नाही. म्हणजे माझे लोक हे करणारच हे धरून तो पुढचं सांगतोय, की तोंड वाळवून लोकांना दाखवत फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. आता आज्ञा नाही म्हणून उपास सोडायचा असेल तर त्याच अध्यायाच्या त्याच मापानं दान आणि प्रार्थना पण सोडावी लागेल. मेसेज लिहिणाऱ्यानं तिसरंच तेवढं कसं काय वगळलं?

शिष्यांचं म्हणाल तर मार्क २ मधलं अर्धंच वचन मेसेजमध्ये टाकलंय. लोकांनी विचारलं की योहानाचे शिष्य उपास करतात मग तुझे का नाही, तर येशू म्हणाला नवरदेव सोबत आहे तोवर वऱ्हाडी कसे उपास करतील. इथंच मेसेज थांबतो. पुढचं वाक्य असं आहे की नवरदेव त्यांच्यापासून काढून घेतला जाईल असे दिवस येतील, तेव्हा ते उपास करतील. आणि केलेच त्यांनी, प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये अंत्युखिया शहरातली मंडळी उपास करत असतानाच पवित्र आत्मा बर्णबा आणि शौलाला (म्हणजे पौलाला) वेगळं करायला सांगतो, आणि परत उपास-प्रार्थना करूनच त्यांना पाठवतात. पुढच्याच अध्यायात मंडळ्यांमध्ये वडील, म्हणजे पुढारी, नेमताना परत उपास. अर्धं वचन फिरवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण आपली माणसं भोळेपणानं विश्वास ठेवतात आणि पुस्तक उघडून बघत नाहीत.

आता ६०० सालचा पोप. दिदाखे म्हणून मंडळीचं एक फार जुनं लिखाण आहे, पहिल्या शतकाच्या शेवटचं नाहीतर दुसऱ्याच्या सुरुवातीचं धरतात, त्यात बुधवारी आणि शुक्रवारी उपास करा असं सरळ लिहिलंय. निकिया परिषद, म्हणजे मंडळीच्या बिशपांची मोठी सभा, ३२५ सालची, तिच्या पाचव्या नियमात पुनरुत्थान सणाच्या आधीच्या चाळीस दिवसांचा उल्लेख असा येतो की जसं काय सगळ्यांना ते माहितीच आहे. लेंट सुरू होतो त्या बुधवारी कपाळाला राख लावायची पद्धत नंतरची, हे मी मान्य करते, पण मेसेजमध्ये उपासालाच नंतरचं ठरवलंय ना.

आणि प्रोटेस्टंट म्हणून सांगायलेत तर ऐका, मी स्वतः प्रोटेस्टंट घरातली, जालन्याची. १५२२ ला झुरिकमध्ये लेंटात सॉसेज खाण्यावरून वाद झाला आणि तिथला प्रोटेस्टंट सुधारक झ्विंगली खाणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहिला हे खरंय, पण त्याचं म्हणणं होतं की माणसांनी केलेल्या नियमाची सक्ती नको. दुसरा मोठा सुधारक कॅल्विन, त्यानं तर उपासाच्या बाजूनं लिहिलंय. मेथडिस्ट मंडळी ज्याच्यापासून सुरू झाली तो जॉन वेस्ली ऑक्सफर्डला असल्यापासून बुधवार-शुक्रवार उपास धरायचा. पाळक नारायण शेषाद्रींनी ज्या स्कॉटिश मिशनमधून जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, त्या स्कॉटलंडात लेंट पाळत नसत तरी प्रभूभोजनाच्या आधीचा गुरुवार उपासाचा दिवस म्हणून धरायचे, दुकानं बंद आणि दिवसभर उपासना. म्हणजे ज्यांच्या हातून आपल्या आज्या-पणज्यांना शुभवर्तमान मिळालं त्यांनाही उपास परका नव्हता.

नक्कलीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचला. शब्द एक आहे कारण आपण मराठी बोलतो, उपासाला उपास नाही तर दुसरं काय म्हणायचं? आमच्यातल्या काही मावश्या शुक्रवारी साबुदाणा खिचडी किंवा भगर करतात, ती सवय शेजारातून आली हे कबूल, त्यात पाप काय ते मला अजून कळलेलं नाही, पण आपल्या उपासाला चालणारं अन् न चालणारं अशी पदार्थांची यादी शास्त्रात नाही. छत्रपती संभाजीनगरला माझ्यासोबत काम केलेल्या मल्याळी सिस्टर पन्नास दिवसांचा नोंबू (मल्याळीत उपास) धरायच्या, मांस-मासे सगळं बंद, आणि त्याच्या आधी तीन दिवसांचा निनवेचा उपास वेगळा, योना संदेष्ट्याच्या गोष्टीतल्या निनवे शहराच्या नावाचा. तो निनवेचा उपास इराकातले ख्रिस्ती लोकही करतात, मोसुलच्या शेजारी जिथं निनवेचे अवशेष आहेत तिथले. आता त्यांनी कुठली एकादशी बघितली? आणि २०२५ ला तर रमजान २ मार्चला लागला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला आला, तेव्हा आमच्या शेजारच्या भाभींनी मला शुक्रवारी संध्याकाळी हाक मारून खजूर दिला आणि त्यांच्या अजानला माझा पण उपास सुटला. त्यांनी त्यांच्या देवासमोर धरला होता, मी माझ्या प्रभूसमोर. शेजाऱ्याला नावं ठेवून आपला विश्वास मोठा होत नाही.

तारणाच्या मुद्द्यावर मी निम्मं त्यांच्याच बाजूची आहे. उपासानं तारण मिळत नाही, लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करून पण रिकाम्या हातानं घरी गेला आणि छाती बडवणारा जकातदार नीतिमान ठरून गेला. पण प्रार्थनेनं पण तारण विकत मिळत नाही, मग प्रार्थना बंद करतो का आपण? आणि दुसरी गोष्ट, जी मेसेजमध्ये नाही पण असायला पाहिजे होती, ती म्हणजे काही ठिकाणी एकवीस दिवस उपास केला की नोकरी, लग्न, मूलबाळ सगळं मिळणारच असं सांगतात, हा देवाशी सौदा झाला. माझ्या ओळखीच्या एका बाईला एका पाळकानं उपासात शुगरची गोळी घेणं म्हणजे अविश्वास असं सांगितलं होतं, चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. असं शिकवणाऱ्यांना विरोध करा, मी तुमच्या पुढं उभी राहते. कॅथलिक लोकांचा नियम बघा किती समजूतदार आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, तेही १८ ते ५९ वयाच्यांनाच, आजारी माणसाला सूट.

मग उपास कशाला, हे ज्याला खरंच विचारायचंय त्यानं यशया ५८ वाचावं, आणि आपल्या मराठवाड्यात बसून वाचावं. लोक देवाला म्हणतात आम्ही उपास केला तर तू बघितलं का नाहीस, आणि देव म्हणतो उपासाच्या दिवशी तुम्ही मजुरांना राबवून घेता, भांडता, बुक्क्या मारता. मला पसंत असलेला उपास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्यातलं अन्न वाटून देणं. लेंट नेमका ऊसतोडीच्या हंगामात येतो. बीडची, आमच्या जालन्याची कितीतरी घरं तेव्हा कुलूपबंद असतात, माणसं उचल फेडायला कारखान्यावर कोयता घेऊन गेलेली आणि म्हातारी नाहीतर लेकरं मागं. त्या म्हातारीच्या चुलीवर काय शिजलं हे न बघता मी दोन वेळा जेवले नाही म्हणून देवाला हिशोब दाखवणार असेन तर यशया माझ्यासाठीच लिहिलाय.

माझी आज्जी लेंटातल्या प्रत्येक शुक्रवारी सकाळचं जेवण सोडायची, आणि त्या जेवणाची ज्वारी मोजून वेगळ्या डब्यात टाकायची, तीन मुठी. घरात जितकी माणसं उपास धरतील तितक्या तीन-तीन मुठी. पुनरुत्थानाच्या आदल्या दिवशी तो डबा गल्लीतल्या एका विधवा बाईकडं रिकामा व्हायचा, ती बाई आपल्या धर्माची नव्हती, आज्जीनं कधी ते विचारातही घेतलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मात्र तिनं एकही उपास धरला नाही. खडी फोडायला जायची, लाल मिलो ज्वारीची भाकर मिळाली तर मिळाली, आणि त्या साली त्यांच्या पाळकांनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं की कामावर जाणाऱ्या कुणीही उपास करायचा नाही. मी लहानपणी विचारलं होतं तुला वाईट वाटलं का गं, तर म्हणाली, “उपाशी होतो की आम्ही, उपास कशाचा धरायचा माय?”

तो डबा आता माझ्याकडं आहे, पितळी, एका बाजूनं पोचलेला. आत्याच्या मुलाला मी वेगळा मेसेज केलाय की शुक्रवारी सातला घरी ये, मत्तय ६ आणि मार्क २ दोन्ही पूर्ण वाचू, तुझ्या बीपीच्या गोळ्या वेळेवर घेऊन ये, आणि तू जेवून आलास तरी चालेल.