भावाची फाईल: ‘टाकून ठेव ना, काय जातंय तुझं?’

मी अमेरिकेची सिटिझन आहे आणि माझ्या सख्ख्या भावाची फाईल, म्हणजे त्याला इथलं ग्रीन कार्ड (कायम राहायचा परवाना) मिळावं म्हणून करायचा अर्ज, मी टाकलेली नाही. एकदाचं जाहीर लिहून टाकते, म्हणजे दर गणपतीत, दर लग्नात वेगवेगळ्या मावश्या-आत्यांना वेगवेगळी उत्तरं द्यायला नकोत. दादाला स्वतःला यात काही इंटरेस्ट नाहीये. वहिनीला आहे, आणि बाकी सगळ्या गोतावळ्याला तर वहिनीपेक्षा जास्त आहे.

पहिली गोष्ट, आपल्याकडे लोकांना वाटतं की सिटिझन झाली म्हणजे ही आता कोणालाही बोलावू शकते. परवा एका लग्नात एकांनी मला त्यांच्या साडूच्या मुलाचा बायोडेटा पाठवला, व्हॉट्सॲपवर, पासपोर्टच्या फोटोसकट!! तर नीट ऐका. सिटिझनला फाईल टाकता येते ती नवरा-बायको, मुलं, आईवडील आणि सख्खी भावंडं यांची. बस. काका, मामा, आजी, भाचा, दीर, चुलतभाऊ यांच्यासाठी रांगच नाही, त्यामुळे रांगेत उभं राहायचा प्रश्नच येत नाही. सासूबाईंचीसुद्धा मी टाकू शकत नाही, ती नवऱ्यानेच टाकायची, आणि तोही सिटिझन असेल तरच. आईवडिलांना वर्षाचा कोटा नाही, त्यामुळे ते काम त्या मानाने लवकर होतं (तिथे खरा प्रश्न आईबाबांना इथल्या हिवाळ्यात, गाडी चालवता येत नसताना, दिवसभर घरात बसून राहायचंय का हा आहे, आणि तो फार कमी मुलं विचारतात. पण तो विषय परत कधीतरी).

भावंडांची कॅटेगरी म्हणजे एफ-4, फॅमिलीच्या रांगांमधली सगळ्यात शेवटची. वर्षाला साधारण 65,000 व्हिसे, सगळ्या जगाला मिळून, त्यात भावाची बायको आणि मुलंही मोजली जातात, आणि वर कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा. 2025 च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कुठल्या तारखेच्या फायली चालू आहेत ते सांगणारं सरकारी पत्रक, दर महिन्याला येतं) भारतातल्या भावंडांचे नंबर लागत होते ते 2006 साली टाकलेल्या फायलींचे. दोन हजार सहा! आणि आज टाकली तर एकोणीस-वीस वर्षांत लागेल असंही धरून चालू नका, कारण 2006 नंतर आपल्यासारखे किती लोक सिटिझन झाले आणि प्रत्येकाने ‘काय जातंय’ म्हणत फाईल टाकली, ते सगळे पुढे उभे आहेत. माझा दादा आज सेहेचाळीसचा आहे, हिशोब तुम्हीच करा.

ही रांग आली कुठून याची गोष्ट मजेशीर आहे. 1946 च्या कायद्याने भारताला मिळालेला कोटा होता वर्षाला 100 माणसांचा. 1965 मध्ये नवा कायदा आला, तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून सही केली, आणि त्यात नातेवाईकांना प्राधान्य द्या यासाठी जोर लावला होता ओहायोच्या मायकेल फीगन नावाच्या खासदाराने. हिशोब असा की अमेरिकेत बहुतेक लोक युरोपातून आलेले, ते आपल्याच लोकांना बोलावतील, देशाचा रंग आहे तसा राहील. झालं भलतंच. युरोपातल्या लोकांना यायची फारशी गरज उरली नव्हती आणि आपल्या, चिनी, फिलिपिनो लोकांनी त्या दारातून घरंच्या घरं आणली.

आणि इथेच मराठी लोक एक तुलना करतात जी मला पटत नाही. ‘गुजराती बघ, अख्खं गाव आणलं त्यांनी.’ अहो आणलं, पण त्यांच्याकडे मोटेल होतं! भाऊ उतरला की दुसऱ्या दिवशी त्याला काम, राहायला त्याच मोटेलमधली खोली, वहिनी रिसेप्शनवर, पुतण्या शाळेतून आला की टॉवेलच्या घड्या घालणार. आणि ज्यांनी सत्तरच्या दशकात सुरुवात केली त्यांना एवढं थांबावंही लागलं नाही. आपण आलो एमएस करून, एच-1 वर (नोकरीच्या व्हिसावर), सॉफ्टवेअरमध्ये. माझ्या नोकरीत मी दादाला काय देणार, माझी शेजारची खुर्ची? शिवाय आपलं ग्रीन कार्डच दहा-बारा वर्षं अडकतं, त्यानंतर पाच वर्षांनी सिटिझनशिप, म्हणजे फाईल टाकायचा हक्क मिळतो तेव्हाच भाऊ चाळिशी ओलांडून गेलेला असतो. तिथून पुढे वीस वर्षं.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, नाव-गाव सांगत नाही. बहिणीने फाईल टाकलेली, नंबर लागला तेव्हा ते पंचावन्नचे. तिकडे सरकारी खात्यात चांगल्या पदावर, गाडी, मान, लोक साहेब म्हणायचे. व्हीआरएस घेतली, आले. आता न्यू जर्सीत एका वेअरहाऊसमध्ये रात्रपाळीला असतात, स्कॅनर हातात घेऊन. त्याबद्दल ते तक्रार करत नाहीत, उलट काम प्रामाणिक आहे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण त्यांची थोरली मुलगी एकवीस ओलांडून गेल्यामुळे मागे राहिली. मग यांनी ग्रीन कार्ड मिळाल्यावर तिची वेगळी फाईल टाकली, अविवाहित मुलगी या कॅटेगरीत, त्या रांगेत 2025 मध्ये 2016 चे लोक चालू होते. आणि अट काय? बाप सिटिझन व्हायच्या आत तिने लग्न केलं तर फाईल रद्द. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीला नाशिकमध्ये एकटं ठेवून सांगायचं की बाई लग्न करू नकोस. परवा इंडियन ग्रोसरीत भेटले, हातात भेंडीची पिशवी आणि दुसऱ्या हाताने फोनवर नवीन बुलेटिन उघडून मला दाखवत होते, ‘बघा, तीन आठवडे सरकली तारीख.’ मी काय बोलणार.

(मुलांच्या वयाबद्दल एक गोष्ट मात्र माहीत असूद्या, एजंट लोक धड सांगत नाहीत. 2002 च्या कायद्याप्रमाणे नंबर लागतो त्या दिवशीच्या मुलाच्या वयातून, फाईल मंजूर व्हायला जेवढा काळ लागला तेवढा वजा होतो. म्हणजे मुलगा 24 चा, पण फाईल मंजूर व्हायला चार वर्षं लागली होती, तर तो कागदावर 20 चा आणि येऊ शकतो. फक्त वर्षाच्या आत पुढची हालचाल करावी लागते. नंतरच्या रांगेतली पंधरा वर्षं मात्र वजा होत नाहीत.)

बरं, ‘काय जातंय’चा हिशोब अजून संपलेला नाही. फाईल टाकली की भाऊ टूरिस्ट व्हिसाला जाईल तेव्हा फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो, तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट अर्ज केलाय का. हो लिहावं लागतं, खोटं लिहायचं नाही. म्हणून व्हिसा नाकारतातच असं नाही, पण समोरच्या ऑफिसरच्या मनात शंकेला जागा झाली. म्हणजे वीस वर्षांनंतरच्या कार्डासाठी पुढच्या उन्हाळ्यातली भेट पणाला. मधल्या काळात फाईल टाकणारी बहीणच गेली तर फाईल आपोआप रद्द होते, माणुसकीच्या नात्याने परत सुरू करा असा अर्ज करता येतो पण ती त्यांची मर्जी.

आणि नंबर लागला तर मला एका कागदावर सही करायची असते, ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. माझं इन्कम माझं घर अधिक त्यांचं घर एवढ्या माणसांच्या दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के पाहिजे, आणि ती जबाबदारी ते सिटिझन होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांची नोकरी पूर्ण होईपर्यंत माझ्या डोक्यावर. तेव्हा मी स्वतः साठीच्या पुढे असेन, रिटायर झालेली. ‘टाकून ठेव’ म्हणणाऱ्या एकाही मावशीने मला याबद्दल विचारलेलं नाही.

कागदपत्रांचं तर बोलायलाच नको. सख्खी भावंडं आहोत हे सिद्ध करायला दोघांच्या जन्मदाखल्यावर आई तीच दिसली पाहिजे. दादाचा जन्म आजोळचा, ग्रामपंचायतीच्या नोंदीत बाळाचं नावच नाही, नुसतं ‘मुलगा’, आणि आईचं नाव माहेरचं. माझा जन्म शहरातला, माझ्या दाखल्यावर आईचं लग्नात बदललेलं नाव. अमेरिकन ऑफिसरच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका! मग शाळा सोडल्याचा दाखला आणा, दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणा, आणि आमच्याकडे आता तेवढे वडीलधारे उरलेत कुठे.

पण माझा सगळ्यात मोठा आक्षेप या कशालाच नाहीये. फाईल टाकली की माणसं थांबतात. मी पाहिलेत असे लोक. घर बांधायचं थांबवतात, ‘जायचंच आहे ना पुढेमागे’. दुकान वाढवत नाहीत, मुलाला कुठल्या लायनीला घालायचं हे अमेरिकेच्या हिशोबाने ठरवतात, आणि बहिणीशी फोनवर बोलताना आधी तब्येत विचारायचे ते आधी तारीख विचारायला लागतात. दादाचं शेड आहे, सहा माणसं कामाला आहेत, मागच्याच वर्षी नवीन मशीन घेतलं कर्ज काढून. फाईल असती तर घेतलं असतं? मला नाही वाटत.

हे सगळ्यांनी असंच करावं असं माझं म्हणणं नाही. भाऊ तिशीच्या आतला आहे, इथे तुमचा स्वतःचा धंदा आहे, किंवा तिकडे त्याला एकट्याला कोणी नाही, तर जरूर टाका, सगळे नियम वाचून टाका. माझी एक मैत्रीण आणि तिची बहीण आज न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दोन गल्ल्या सोडून राहतात, बहिणीने आल्याआल्या पोळीभाजीचे डबे सुरू केले आणि आज तिचं माझ्यापेक्षा बरं चाललंय. मला त्यांचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

वहिनी ही पोस्ट वाचणार आहे हे मला माहितीये. वहिनी, पुढच्या मे मध्ये तुम्ही चौघं टूरिस्ट व्हिसावर या, तिकिटं मी काढते, आणि चिनूला इथे शिकायला यायचं असेल तर त्यावर आपण वेगळं बोलू. बाकी ज्यांची फाईल लागून ते खरंच आलेत त्यांनी कमेंटमध्ये लिहा, पोचलात तेव्हा वय किती होतं आणि पहिली नोकरी कोणती मिळाली.