समुद्रातली प्रश्नचिन्हं

गेल्या रविवारी जेवणं उरकल्यावर मी 'द विचर 3' लावला आणि चहाची वेळ होईपर्यंत स्केलिगेच्या समुद्रात एकटाच होडी हाकत बसलो. ज्यांनी हा गेम खेळलाय ते आत्ताच हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. स्केलिगे हा या गेममधला बेटांचा समूह. त्याच्या भोवतीच्या समुद्रात, नकाशावर, डझनावारी प्रश्नचिन्हं पसरलेली आहेत. एकेका चिन्हापर्यंत होडी न्यायची, वरून झडप घालणाऱ्या सायरन नावाच्या पंखवाल्या राक्षसिणी क्रॉसबोने पाडायच्या, पाण्यात उडी मारायची आणि तस्करांचा माल उघडायचा. आत काय? तलवार. बरी असते, पण माझ्या पाठीवरची तिच्याहून बरी असते. म्हणजे ती विकायला. थोड्या वेळाने गेमच्या नायकाच्या, गेराल्टच्या, अंगावर एवढं ओझं होतं की गड्याला किनाऱ्यावर धड पळताही येत नाही.

तेरा वर्षांचा भाचा शेजारी बसून बघत होता.

"मामा, मजा येतेय का तुला?"

"नाही रे."

"मग कशाला करतोयस?"

"राहिलीयेत ना अजून."

हे तोंडातून गेलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. तासभर मी समुद्राकडे बघितलंच नव्हतं. सगळं लक्ष कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, मिनीमॅपवर. कुणीतरी महिनोन्महिने खपून त्या पाण्यावर मावळतीचा उजेड पाडलाय, आणि मी रिक्षावाल्याने मीटरकडे बघावं तसा चिन्हाकडे बघतोय.

माझं भांडण त्या तलवारीशी नाहीये. भांडण प्रश्नचिन्हाशी आहे. त्याला प्रश्नचिन्ह म्हणतात, पण ते प्रश्न विचारतच नाही. "तिथे काही असेल का?" हा खरा प्रश्न. चिन्ह त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतं: हो, आहे. मग माझ्यासाठी उरतं एवढंच, की कधी जाऊन उरकायचं. कुतूहल गेलं, काम आलं.

आमच्या पिढीने ओपन वर्ल्ड, म्हणजे हवं तिकडे मोकळं फिरता येणारं गेममधलं जग, पहिल्यांदा पाहिलं ते 'जीटीए व्हाइस सिटी'त, 2002 चा गेम, नेट कॅफेत तासावर पैसे मोजून. त्यात 100 पॅकेजं लपवलेली होती. दर दहा सापडली की आपल्या अड्ड्यावर काहीतरी नवीन यायचं. बक्षीस होतंच की! पण नकाशावर त्यांची खूण नव्हती. कुठल्या गच्चीवर, कुठल्या पुलाखाली, हे पोरं एकमेकांना सांगायची. आमच्यातल्या एकाने तर वहीच केली होती आणि ती तो फुकट दाखवायचा नाही, वडापाव लागायचा. त्या गच्च्या शोधता शोधता आम्हाला ते शहर पाठ झालं. मला आजही त्या शहराचे रस्ते माझ्या सासुरवाडीच्या रस्त्यांपेक्षा जास्त आठवतात. (बायको ही पोस्ट वाचणार आहे. असो.)

नंतर आलेल्या 'सॅन अँड्रियास'मध्ये गँट ब्रिज नावाचा पूल आहे. कुणीही सांगितलेलं नसताना तुम्ही त्याच्या मनोऱ्याच्या टोकावर पोचलात, तर तिथे पाटी दिसते: इथे वर कुठलंही ईस्टर एग (गेम बनवणाऱ्यांनी लपवलेली गंमत) नाही, निघा. पैसे नाहीत, बंदूक नाही. आणि तरी ती पाटी बघून आम्ही अख्खं कॅफे डोक्यावर घेतलं होतं. कुणीतरी आपण इथे येणार हे ओळखून आपल्या आधी येऊन गेलंय, ही जाणीव त्या वयात बंदुकीपेक्षा मोठी वाटली.

मानसशास्त्रात यावर एक जुना प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी तो 1973 साली प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर छान प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र दिलं, पण चित्र झाल्यावर, अचानक. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी ती स्केचपेनं पुन्हा वर्गात ठेवली. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं आता बाकीच्यांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र तसाच होता.

हा प्रयोग "बक्षीस वाईट" असं सांगायला वापरतात. मला त्यातला मधला गट महत्त्वाचा वाटतो. प्रशस्तिपत्र तेच, फक्त ते कधी कळलं एवढाच फरक. व्हाइस सिटीतली गच्ची आणि स्केलिगेतला समुद्र यांच्यात तोच फरक आहे.

आता 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' घ्या, 2017 चा. यातही उंच मनोरे आहेत, चढलं की नकाशा उघडतो. पण उघडतो म्हणजे डोंगर, नद्या, रस्ते दिसतात. कुठे काय आहे याच्या खुणा नसतात. दुर्बीण काढून आपणच बघायचं आणि आपणच पिन टोचायची. म्हणजे काम मी स्वतःच स्वतःला लावून घेतो. 2017 च्या सेडेक या जपानमधल्या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत, हा गेम बनवणाऱ्या निन्तेंदोच्या मंडळींनी सांगितलं होतं की त्यांनी भूभाग त्रिकोणांच्या हिशेबाने रचला. त्रिकोणी टेकडी पलीकडचं झाकते. चढा किंवा वळसा घाला, झाकलेलं हळूहळू पुढे येतं आणि तिथून पुढची टेकडी खुणावते. बक्षीस पेटीत कमी आणि वळणावर जास्त.

पेटीत तर अगदीच कमी. एवढा जीव काढून मिळालेली तलवार थोड्या मारामारीत मोडते. मी त्यावरून सुरुवातीला भरपूर शिव्या दिल्यात. पण फिरायचा थांबलो का? नाही.

आणि कोरोक! डोंगराच्या शेंड्यावर एकच दगड, किंवा दगडांच्या रिंगणात एक जागा रिकामी. कुठे सूचना नाही. "इथे हा दगड कसा काय?" असं मनात येऊन उचलला की छोटा वनदेव "याहाहा!" करत निघतो आणि एक बी देतो. बिया दिल्या की शस्त्रांची झोळी वाढते. अशा बिया एकूण 900. झोळी पूर्ण वाढायला 441 पुरतात. आणि जो महाभाग सगळ्या 900 जमवतो त्याला काय मिळतं? सोन्याच्या शेणाच्या गोळ्यासारखी एक वस्तू. वर्णनात लिहिलंय की तिला वास येतो.

लोक चिडले, मीम झाले. मला विचाराल तर ओपन वर्ल्डच्या इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक बक्षीस हेच. बिया 900 ठेवल्या कारण प्रत्येकाच्या वाटेत थोड्या तरी याव्यात. सगळ्या वेचायला नव्हेत. तरी वेचल्यास? मग घे.

गंमत म्हणजे नंतर पैसे देऊन घ्यायच्या जोडपॅकमध्ये निन्तेंदोनेच कोरोकचा मुखवटा दिला, जो जवळ कोरोक असला की थरथरतो. मी तो दोन संध्याकाळी घातला. बिया भराभर सापडल्या आणि दगडांकडे बघणं बंद झालं.

'एल्डन रिंग' तर कुतूहलाला चक्क चापट मारतो. सुरुवातीच्याच भागात तळ्याकाठच्या पडक्या अवशेषांत एक तळघर आहे, तिथे पेटी. उघडली की धूर, आणि तुम्ही थेट दूरच्या केलिड नावाच्या प्रदेशातल्या खाणीत. बाहेर पडेपर्यंत फास्ट ट्रॅव्हलही (नकाशावरून क्षणात दुसरीकडे जाणं) चालत नाही. धडपडत बाहेर आलो तर आकाश लाल. त्या पेटीने मला काहीही दिलं नाही, पण नकाशा केवढा मोठा असू शकतो हे सांगितलं. आणि त्याच गेममधल्या मिस्टवूड या जंगलातली ती लिफ्ट... ती खाली जाते, जातच राहते, आणि जमिनीच्या पोटात चांदण्यांनी भरलेलं आभाळ. रात्री दीडला मी बायकोला उठवून दाखवलं. तिची प्रतिक्रिया इथे देत नाही.

पण एक कबूल करतो. खुणा नसलेले गेम वेळ मागतात. पोरगी झोपल्यावर मिळणाऱ्या चाळीस मिनिटांत "बघू काय सापडतं" म्हणत फिरायचं आणि काहीच न सापडता गेम बंद करायचा, हे मीसुद्धा दर रात्री करू शकत नाही. अशा वेळी प्रश्नचिन्ह म्हणजे दिलासा असतो. दमलेल्या माणसाला काम उरकल्याचं समाधानही हवं असतं, त्याला नावं ठेवणारा मी कोण? माझी तक्रार एवढीच, की खूण बंद केली तर गेम उभा राहायला हवा. बऱ्याच गेममध्ये खूण पुसली की खाली काहीच नसतं.

'आउटर वाइल्ड्स' (2019) मात्र अजून खेळला नसेल तर खेळाच, आणि त्याबद्दल कुठेही वाचू नका. एवढंच सांगतो: 22 मिनिटांत सूर्याचा स्फोट होतो आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला. ना पैसे, ना नवीन शस्त्र, ना लेव्हल. मागच्या फेरीतून सोबत येतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. एकदा संपवला की तो पुन्हा पहिल्यासारखा खेळता येत नाही, कारण तुम्हाला कळलेलं असतं. भाच्याला सुट्टीत तोच देणार आहे.

विचरचं म्हणाल तर सोमवारी मी मिनीमॅप बंद केला. त्या संध्याकाळी किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गेलो, एका गावात शिरलो, फलकावरचं एक साधं काम घेतलं आणि त्यातच रात्रीचे बारा वाजले. मस्त गेले.

समुद्रात अजून बरीच राहिलीयेत. जाणार नाही म्हणतोय. बघू.