तपासणी झाली, पण पुढे काय?

किती वर्षं तेच तेच बघायचं! शाळेत आरोग्य पथकाची गाडी येते, पोरांचं वजन, उंची, डोळे, दात बघतात, कार्ड भरतात, निघून जातात. पुढे? ज्याला नंबर निघाला त्याला चष्मा मिळाला का, जिचं हिमोग्लोबिन कमी होतं तिचं परत कोणी बघितलं का, हे विचारलं की एकच उत्तर, "जिल्ह्याला रेफर केलंय". अहो, जिल्ह्याला जायचं म्हणजे आईची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं, आणि तिथे पोचल्यावर कळतं की डॉक्टर रजेवर आहेत. परत कोण जाणार?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, किशोरवयीनांचा २०१४ पासून. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना अ‍ॅनिमिया! दर आठवड्याच्या लोहाच्या गोळ्या मग जातात कुठे? नुसती गोळी हातात दिली, मळमळलं तर काय करायचं हे सांगितलंच नाही, तर ती खिडकीतूनच जाणार ना.

आणि ते मैत्री क्लिनिक, म्हणजे किशोरवयीन पोरापोरींसाठीचं सरकारी दवाखान्यातलं सल्ला केंद्र! आमच्याकडे ते नेमकं शाळेच्या वेळेत उघडं, आणि दारासमोर ओपीडीची रांग, म्हणजे अख्खं गाव. पाळीचा त्रास, मनात येणारे नको ते विचार, हे पंधरा वर्षांची पोरगी शेजारच्या काकूंसमोर बोलेल का? संध्याकाळी दोन तास, एक बंद दार आणि रोज तीच ओळखीची सिस्टर, एवढंही जमत नाही का?