चाळीस दिवस अंधारात ठेवाल, तर तीस दिवसांची तपासणी चुकेल

‘उजेडानं तान्ह्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जळतो, चाळीस दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवा. मोबाईलच्या फ्लॅशनं बाळ आंधळं होतं. रोज काजळ घाला.’ हा मेसेज निपाणीपासून खानापूरपर्यंत फिरतोय. आता तो माझ्या भाचीच्या सासरी पोचलाय. बाळ साडेसात महिन्यांत जन्मलेलं, वजन १७०० ग्रॅम, आणि खिडकीवर गोधडी टांगलेली! संताप येणार नाही तर काय?

काजळाचं थोडक्यात सांगतो. काही काजळांत आणि सुरम्यात शिसं सापडलंय, शिवाय बोटाचे जंतू डोळ्यांत जातात. घालू नका.

फ्लॅशनं बाळ आंधळं होत नाही. उलट फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या. आत मोतीबिंदू किंवा कॅन्सरची गाठ असू शकते.

आता पडद्याचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पडद्याचा आजार होतो, हे खरं आहे. त्याला आरओपी म्हणतात. पडद्याच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढायच्या आतच बाळ जन्मतं, म्हणून तो होतो; ऑक्सिजन जास्त झाला तर धोका वाढतो. उजेडाची शंका डॉक्टरांनाही होतीच. म्हणून अमेरिकेत ४०० वर नाजूक बाळांवर चाचणी झाली. निम्म्यांना जन्मल्यापासून २४ तासांत गडद गॉगल चढवले. १९९८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला: गॉगलवाल्यांत ५४ टक्के बाळांना आरओपी, बिनगॉगलवाल्यांत ५८ टक्के. म्हणण्यासारखा फरकच नाही.

दृष्टी वाचते ती वेळेवर तपासणीनं. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासायचा, फारच लहान असेल तर त्याहून आधी. चाळीस दिवस कोंडलंत तर ही मुदत गेली! कर्नाटकात २००८ पासून ‘किडरॉप’ या आरओपी-तपासणी कार्यक्रमाचे तंत्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन अशा बाळांच्या पडद्याचे फोटो काढतात, तेही डोळ्यांत उजेड टाकूनच.

थेट ऊन डोळ्यांवर नको, हे कबूल. काविळीच्या निळ्या दिव्याखाली दवाखान्यात डोळे झाकतात, तेही बरोबरच. पण घरातला साधा उजेड हवाच, कारण अंधारात कावीळ दिसत नाही आणि ती फार वाढली तर मेंदूला इजा होते. रोज खिडकीपाशी नेऊन बाळाची कातडी बोटानं हलकी दाबून बघा. पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला, किंवा नंतर कधीही तळहात-तळपाय पिवळे झाले, तर सकाळची वाट बघू नका, दवाखाना गाठा.