विश्रांती उघड घेऊ नये

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या परिसरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यास कसा करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. खोली दाखवणाऱ्या दलालापासून मेसच्या मावशींपर्यंत प्रत्येकाजवळ कोणा ना कोणा उपजिल्हाधिकाऱ्याची आठवण असते आणि तो अधिकारी न चुकता दिवसाला अठरा तास वाचत असे. विश्रांती कशी घ्यावी हे मात्र कोणीच सांगत नाही. परिणामी लातूरहून किंवा बुलढाण्याहून आलेला नवखा मुलगा पहिल्याच रविवारी सारसबागेत जातो, चांगले दोन तास हिरवळीवर बसतो, भेळ खातो आणि वाटेत कोणी हटकलेच, तर ‘फिरायला आलो होतो’ असे खरे सांगून मोकळा होतो. असल्या भोळेपणाने या क्षेत्रात निभाव लागत नाही. ही उणीव भरून निघावी म्हणून चार हिताच्या गोष्टी येथे नोंदवीत आहे.

पहिली आणि मुख्य गोष्ट अशी की विश्रांती कधीही उघड घेऊ नये. ती नेहमी अभ्यासाच्या पोटात घ्यावी. उघड घेतलेल्या सुट्टीला सुरुवात असते, म्हणून तिला शेवटही असतो. बागेत गेलेला मुलगा अंधार पडला की कपडे झटकून उठतो, आणि मग त्याच्यापुढे पुस्तक उघडण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. अभ्यासाच्या नावाखाली घेतलेली सुट्टी मात्र संपतच नाही, कारण ती सुरू झाल्याचे कोणी कबूलच केलेले नसते. शिवाय तिच्यात अपराधीपणाची एक बारीक टोचणी राहते, आणि ही टोचणी म्हणजेच आपण गंभीर विद्यार्थी असल्याचा सर्वांत स्वस्त पुरावा होय. मन लागत नसताना पाच तास खुर्चीत बसून राहिलेल्या माणसाला रात्री जो थकवा येतो, तो खऱ्या अभ्यासाच्या थकव्याहून कणभरही कमी नसतो. फरक शोधायला परीक्षेच्या निकालापर्यंत थांबावे लागते.

आयोगाने या कामी मोठी सोय करून ठेवली आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पूर्वी बव्हंशी बहुपर्यायी प्रश्नांची असे. ती वर्णनात्मक करण्याचे ठरल्यावर २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थ्यांनी मोठे आंदोलन केले आणि नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढे गेली. मिळालेल्या अवधीचा अनेकांनी अतिशय चांगला उपयोग केला. म्हणजे नव्या पद्धतीचा अभ्यास कसा करावा याची त्यांनी दोन वर्षे चर्चा केली. आता नऊ प्रश्नपत्रिका, लेखी परीक्षेचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५ गुण अशी मांडणी आहे, आणि तिचा अभ्यासक्रम इतका ऐसपैस आहे की पृथ्वीतलावरची कोणतीही करमणूक त्याच्या बाहेर पडू शकत नाही. ही गोष्ट ज्याला समजली, त्याला उभ्या आयुष्यात एक क्षणही वाया घालवल्याचा ठपका सोसावा लागणार नाही.

उदाहरणार्थ, पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्याची बातमी येते. भिडे पूल पाण्याखाली जातो. अशा वेळी अभ्यासिकेत बसून राहणे म्हणजे आपत्ती व्यवस्थापन या घटकाकडे दुर्लक्ष करणे होय. तातडीने चार मित्रांना घेऊन झेड ब्रिज गाठावा, कठड्याला टेकून विसर्ग किती क्युसेकचा असावा यावर मतभेद करावेत, कोणीतरी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराचा विषय काढावा, म्हणजे इतिहासही होतो, आणि परतताना कणीस खावे. कणसामुळे कृषी हा घटक आपोआप उरकतो. पर्वतीच्या पायऱ्या चढणे हा भूगोल आहे आणि वर जाऊन काढलेले फोटो हा पेशवेकाळ आहे. शनिवारवाडा १७३२ मध्ये बांधून झाला, एवढे एक वाक्य तोंडपाठ असले की त्याच्या आवारातली अख्खी संध्याकाळ सत्कारणी लागते. गणेशोत्सवात मानाच्या पाच गणपतींचे दर्शन आणि लक्ष्मी रस्त्यावरची अहोरात्र चालणारी विसर्जन मिरवणूक कला व संस्कृतीखाली मोडते; ढोलताशा फारच जवळून ऐकला, तर ध्वनिप्रदूषणाच्या निमित्ताने पर्यावरणही साधते. क्रिकेटचा सामना ही चालू घडामोड आहेच. सामना पाच दिवसांचा असेल, तर पाच दिवसांची.

आता प्रत्यक्ष अभ्यासिकेविषयी. तेथील जागा ही बसण्यासाठी नसून धरण्यासाठी असते, हे नवख्यांच्या लवकर लक्षात येत नाही. सकाळी सहाला जाऊन टेबलावर राज्यघटनेचे जाड पुस्तक, पाण्याची बाटली आणि एक नॅपकिन ठेवावा, आणि मग खोलीवर येऊन शांतपणे झोपावे. पुस्तक तुमच्या वतीने तेथे बसलेले असते. दुपारी अकराच्या सुमारास येऊन त्याला सोबत करावी. भोवती कप्पे, वर पंखा, समोर ‘शांतता राखा’ असा फलक आणि शेजारी चार्जिंगची सोय, अशा वातावरणात मोबाइल बाहेर काढण्यास कोणाची हरकत नसते, कारण नोट्स मोबाइलवरच असतात. टेलिग्रामवरून पीडीएफ उतरवून घेणे हे स्वतंत्र आणि समाधानकारक काम आहे. ती वाचावी लागत नाही; ती आपल्याजवळ असल्याने आणि शेजाऱ्याजवळ नसल्याने निम्मा परिणाम साधून जातो.

वेळेच्या शिस्तीसाठी पोमोडोरो नावाची पद्धत हल्ली सर्वत्र सांगितली जाते. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाच्या मदतीने ती बसवली: २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती. तिच्यात दोषही फारसा नाही. फक्त आरंभ विश्रांतीपासून करावा, आणि ती पाच मिनिटे यशस्वी उमेदवाराच्या मुलाखतीचा व्हिडिओ पाहण्यात घालवावीत. अशा मुलाखती दीड-दोन तासांच्या असतात आणि प्रत्येकाची तयारीची रीत निराळी असते, म्हणून पहिली ऐकून बनवलेले वेळापत्रक दुसरी ऐकल्यावर फाडावे लागते. वेळापत्रक नेहमी चार रंगांच्या पेनांनी आखावे. ते सोमवारपासून लागू करावे. सोमवार हुकला तर एक तारखेपासून, तीही हुकली तर पाडव्यापासून. खुल्या प्रवर्गाला वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ व्या वर्षापर्यंत मुभा असल्यामुळे पाडवे पुष्कळ आहेत.

मैत्रीचा विषय अधिक नाजूक आहे, तेव्हा तो जरा विस्ताराने मांडतो. या पेठांत पद मिळण्याआधीच सगळे एकमेकांना ‘सर’ म्हणतात. कॉट बेसिसवर राहणारे, एकाच बादलीवर नंबर लावणारे पाच जण ‘सर, साबण आहे का?’ असे विचारतात तेव्हा बाहेरच्याला हसू येते. पण ही प्रथा मोलाची आहे. निकाल काहीही लागो, निदान रोज सकाळी बादलीपाशी तरी मान मिळून जातो.

मित्र निवडताना तो तयारीत तुमच्यापेक्षा किंचित मागे असावा याची काळजी घ्यावी. फारच मागे असेल तर एक दिवस सामान बांधून गावी जाईल आणि चहाला जोडीदार उरणार नाही. पुढे असेल तर त्याच्या नुसत्या दर्शनाने दिवस खराब होतो. किंचित मागे असलेला मित्र मात्र आरशासारखा उपयोगी पडतो. त्याच्याकडे पाहिले की आपले बरे चालले आहे असे वाटते. तोही बहुधा तुमच्याकडे याच हेतूने पाहत असतो, पण त्याची चौकशी करू नये.

मित्रमंडळाचे प्रमुख कर्तव्य म्हणजे मंडळातला कोणी खरोखर अभ्यास करू लागला, तर त्याला वेळीच सावरणे. तो तासभर मान वर न करता वाचताना दिसला की त्याच्या टेबलापाशी जावे, खांद्याला दोन बोटांनी स्पर्श करावा आणि अत्यंत हळू आवाजात, कारण अभ्यासिकेत शांतता राखायची असते, ‘सर, पाचच मिनिटे’ असे म्हणावे. एकट्याने चहा पिणे हे व्यसन आहे. चौघांनी प्यालेला चहा ही गटचर्चा होय. टपरीवर विषयांची वाण नसते. भरतीची जाहिरात कधी येणार, पदे किती निघणार, कोणत्या प्रश्नाची उत्तरतालिका चुकीची आहे, त्यावर हरकत घ्यावी की नाही, प्रकरण न्यायालयात गेले तर मुख्य परीक्षा किती पुढे जाईल, आणि या वेळी कट-ऑफ कितीवर थांबेल, या प्रत्येक मुद्द्यावर तेथे तज्ज्ञ उभे असतात. ज्याने पूर्वपरीक्षेत दोनदा मार खाल्लेला आहे, त्याचा कट-ऑफचा अंदाज प्रमाण मानावा, कारण त्या रेषेकडे इतक्या जवळून पाहण्याचा योग इतरांना आलेला नसतो. चहाचे पैसे कोणी द्यायचे, यावर शेवटची पाच मिनिटे खर्च होतात. खरे तर ‘पाचच मिनिटे’ म्हणून बोलावले होते ती हीच.

मंडळातल्या एखाद्याला पद मिळालेच, तर मन मोठे करावे. गुलालाच्या वेळी पुढे असावे, त्याच्याबरोबरचा जुना फोटो ‘साहेबांसोबत’ असे लिहून स्टेटसला ठेवावा, आणि त्याच संध्याकाळी टपरीवर तो पहिल्यापासून कसा एकलकोंडा होता, कोणात मिसळत नसे, नोट्स दाखवत नसे, याची आठवण काढावी. त्याचे रिकामे झालेले टेबल पटकन धरावे. हवा बरी येते त्या टेबलावर.

याच मैत्रीत क्वचित एक धोका संभवतो, आणि तो सांगणे माझे कर्तव्य आहे. घरून पैसे आले नाहीत म्हणून एखाद्याचा मेसचा डबा बंद होतो आणि उरलेले तिघे आपापल्या डब्यातली एकेक पोळी काढून ठेवू लागतात. किंवा कोणाला डेंगी होतो आणि त्याचा खोलीमित्र दोन रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून काढतो. हे तास अभ्यासक्रमाच्या कोणत्याही घटकात बसत नाहीत आणि त्यांच्याबद्दल अपराधीही वाटत नाही, एवढ्यावरूनच ते किती संशयास्पद आहेत हे ओळखावे. अशा प्रसंगी इलाज नसतो. पण परत आल्यावर चारचौघांत ‘दोन दिवस फुकट गेले’ असे मोठ्याने म्हणावे, म्हणजे झाल्या प्रकाराचे परिमार्जन होते.

घरच्यांशी बोलण्याची रीत सोपी आहे. आईचा फोन तुम्ही टपरीवर असतानाच येतो. तो उचलून कुजबुजत्या स्वरात ‘आई, अभ्यासिकेत आहे, नंतर करतो’ असे म्हणावे. मागे भजी तळल्याचा आवाज येत असेल तर दोन पावले बाजूला जावे. ‘जेवलास का रे?’ एवढेच तिला विचारायचे असते, तेव्हा तिची फार निराशा होत नाही. वडील सोयाबीन विकून पैसे पाठवतात आणि परीक्षा कधी आहे असे विचारतात. त्यांना ‘जाहिरात आली की लगेच’ हे उत्तर द्यावे, जे बाराही महिने खरे असते. या संभाषणांमुळे मन थोडे खट्टू होईल. पण नव्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्र आणि सचोटी यांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, आणि तिच्यासाठी असे जिवंत प्रसंग दुसरीकडे कोठे मिळणार?

वैयक्तिक सवयींबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. रात्री दोनपर्यंत जागावे आणि आपण रात्रीच वाचू शकतो असे सर्वांना सांगून ठेवावे. सकाळी कोणी उठवत नाही आणि रात्री कोणी पाहत नाही. व्यायाम पीएसआयच्या मैदानी चाचणीच्या निमित्ताने सुरू करावा आणि पूर्वपरीक्षेच्या निमित्ताने थांबवावा. कपडे रविवारी धुवावेत, कारण त्या दिवशी सराव परीक्षा असते.

इतके सगळे पाळूनही एखाद्या दिवशी घसरण होऊ शकते. संध्याकाळी तुम्ही काहीच न ठरवता, पुस्तक न घेता, कोणाला न कळवता एकटेच तळजाईच्या टेकडीवर चढता. फोन खोलीवर राहिलेला असतो. तासभर झाडांखाली चालता, भूगोलाची आठवणसुद्धा होत नाही, उतरून मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाता आणि दहा वाजता गाढ झोपता. ही विश्रांती सुरू होऊन संपलेली असते, हेच तिच्यातले भय आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे आपोआप जाग येते, डोके हलके असते आणि हात स्वतःहून पुस्तकाकडे जातो. सावध राहिले नाही, तर नाष्ट्यापर्यंत एक संपूर्ण प्रकरण वाचून झालेले असते. अशी लक्षणे दिसताच वेळ घालवू नये. पान दुमडावे, फोन घ्यावा आणि मंडळाच्या ग्रुपवर फक्त ‘चहा?’ एवढेच लिहून पाठवावे. मुले मोठी तत्पर आहेत. कोणी आंघोळीला गेले असेल, तर तेवढ्याला पाच मिनिटे लागतील.